पहिली गाडी जुनीच घ्यायची आहे : आरएक्स १०० की मास्तरांची स्प्लेंडर?

केतकी_ओगलेवाडी

नमस्कार मंडळी. नोकरी लागून वर्ष होत आलं. आता स्वतःच्या पैशांनी गाडी घ्यायची आहे. घरचे म्हणतात हप्त्यावर नवी स्कूटर घे. मला गिअरची मोटारसायकल हवी आहे आणि हप्ता अजिबात नको आहे. शिवाय थोडीफार स्वतः खोलता-जोडता येईल अशी गाडी हवी. शेतावरचा पंप मी खोलते, त्यामुळे पान्याची भीती नाही, पण मोटारसायकलच्या इंजिनला अजून हात लावलेला नाही.

समोर दोन गाड्या आहेत. एक यामाहा आरएक्स १००, १९९२ ची. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात उभी आहे. रंग कोरा, क्रोम चकचकीत, सांगतायत ८५ हजार. आरसी (नोंदणीचं पुस्तक) 'हरवलीय, डुप्लिकेट काढून देतो' म्हणतात. दुसरी हिरो होंडा स्प्लेंडर, २००३ ची, आमच्या मागच्या आळीतल्या निवृत्त मास्तरांची. पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. गुडघे दुखायला लागल्यापासून किक मारवेना म्हणून पडवीत उभी आहे ती उभीच. १२ हजार म्हणतात. चालू होत नाही.

रोजचं जाणं-येणं ओगलेवाडी ते कराड, अधूनमधून कुंभार्ली घाटाने चिपळूणला मावशीकडे. मन आरएक्सवर आहे हे कबूल करते. काय करू?

पेठेतला_पक्या

८५ हजार आणि आरसी हरवलेली? दुकानातून बाहेर पड आणि चप्पल विसरली असली तरी परत जाऊ नकोस.

आरएक्सवेडा

पक्या, तू गप रे. केतकीताई, आरएक्सचा नाद लागला की सुटत नाही हे खरं आहे, मी कोल्हापुरात तीस वर्षं बघतोय. ९८ सीसी, शंभर किलोच्या आसपास वजन आणि ११ बीएचपी ताकद. स्प्लेंडरचे साडेसात. सेकंडला पिळली की पुढचं चाक हलकं होतं. १९८५ ला एस्कॉर्ट्सने काढली, १९९६ ला प्रदूषणाच्या नियमांपायी बंद पडली, आणि तेव्हापासून भाव चढतोच आहे. त्यामुळे पैसे बुडणार नाहीत.

पण हे दुकानवालं प्रकरण मलाही खटकतंय. आजकाल आरएक्स म्हणजे तीन गाड्यांची मिळून एक असते. इंजिन एकाचं, चेसी दुसऱ्याची, टाकी बाजारातली. चेसी नंबर हँडलच्या खाली, स्टिअरिंगच्या मानेवर ठोकलेला असतो. तिथे जाड रंग चढवलेला असेल किंवा आकडे वरखाली दिसत असतील तर हात जोड. कागद ठेवून कागदावर पेन्सिल घास, आकडे एका रेषेत उमटले पाहिजेत. आरटीओत पण तशीच छाप घेतात.

कागदोपत्री

वर पक्यांनी एका ओळीत सांगितलं तेच मी जरा विस्ताराने सांगतो, कारण जुन्या गाडीत इंजिन दुय्यम असतं. इंजिन पैशाने नवं होतं, कागद होत नाहीत.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन डुप्लिकेट काढायचं काम नोंदणीकृत मालकाचं. दुकानदाराचं नाही. मालक कुठे आहे? हयात आहे का? वारला असेल तर वारसांची संमती लागते. हे सगळं दुकानदार 'करून देतो' म्हणत असेल तर त्याला सांग, करून दे, मग पैसे देते. ९० टक्के प्रकरणं इथेच मिटतात, म्हणजे फोन यायचा बंद होतो. आणखी एक, १९९२ च्या नोंदी पुष्कळदा वहीतच राहिलेल्या असतात. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून काहीच आलं नाही, तर आधी ती जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्याला वेळ जातो.

आता मास्तरांची गाडी. नंबर टाकून बघ आणि चार गोष्टी इथे लिही : आरसी कधीपर्यंत वैध, विमा, पीयूसी आणि बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आहे का.

केतकी_ओगलेवाडी

बघितलं. पहिली नोंदणी जून २००३. १५ वर्षं झाल्यावर मास्तरांनी २०१८ ला पुन्हा पासिंग करून घेतलं होतं, ते जून २०२३ ला संपलं. विमा, पीयूसी दोन्ही संपलेले. आणि बोजाच्या जागी शिक्षकांच्या पतसंस्थेचं नाव दिसतंय! मास्तर म्हणाले, "अगं ते कर्ज कधीच फिटलं, २००६ ला." पण आरसीवर तसंच आहे.

कागदोपत्री

हे अगदी नेहमीचं आहे. माणूस हप्ते फेडतो, पेढे वाटतो आणि बोजा उतरवायचं विसरतो. पतसंस्था चालू असेल तर मास्तरांना घेऊन जा. फॉर्म ३५ वर त्यांची सही-शिक्का आणि ना-हरकत पत्र घ्या. संस्था बंद पडली असती किंवा दुसरीत विलीन झाली असती तर डोकेदुखी होती.

मग नूतनीकरण, फॉर्म २५. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं. मोटारसायकलला त्याची फी २०२२ पासून १,००० रुपये होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलला २,००० झाली. तुझी गाडी वीसच्या पुढे गेलीय. शिवाय पर्यावरण कर वेगळा. आणि खरी मेख पुढे आहे : मुदत संपून गेल्यावर उशिराचे महिन्याला ३०० रुपये लागतात. जून २०२३ पासून मोज.

केतकी_ओगलेवाडी

बापरे. म्हणजे गाडी १२ हजारांची आणि दंडच नऊ हजारांच्या वर?

पेठेतला_पक्या

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. जुन्या गाडीच्या दुनियेत स्वागत.

कागदोपत्री

घाबरू नकोस, हाच तुझा हुकमाचा एक्का आहे. आरटीओत जाऊन नेमका आकडा काढ, कागदावर लिहून घे आणि मास्तरांसमोर ठेव. ही थकबाकी त्यांच्या काळातली आहे, तुझ्या नाही. सभ्य माणूस असेल तर किमतीतून वजा करेल.

नूतनीकरण झालं की नावावर करायचं : फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर व्यवहार करून वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाने फिरणारे महाभाग आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. अपघात झाला की मास्तर कोर्टात, असं होऊ देऊ नकोस. नवी उच्च सुरक्षेची नंबर प्लेट (एचएसआरपी) पण लावून घे, एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आपल्या राज्यात सक्तीची आहे. दुचाकीला ४५० आणि वर जीएसटी. तिच्यावाचून आरटीओची बाकी कामं अडतात.

कृष्णाकाठचा

कागद बघितलेत तर आता पाणी बघ. आपल्या पट्ट्यात हे विचारायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सांगली-कोल्हापूर-चिपळूणकडे बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. मास्तरांची पडवी नदीपासून लांब असेल तर प्रश्न नाही, पण दुकानातल्या कुठल्याही गाडीला हे लागू आहे.

बघायचं कुठे? बाहेरून काही कळत नाही, तिथे पॉलिश असतं. हेडलाइटची काच खोल, आत वाटीत बारीक गाळाची रेघ दिसते. सीट काढ, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी बोट फिरव. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो, साध्या धुळीपेक्षा वेगळा कळतो. स्पीडोमीटरच्या काचेआड वाफ धरलेली असते. चाक हाताने फिरवलं की बेअरिंग खरखरतं.

नटबोल्ट

मी एसटीच्या वर्कशॉपात जन्म घालवला, दुचाकी हा घरचा उद्योग. कृष्णाकाठचा यांना +१ आणि त्यात माझी एक भर. आपल्या भागात जुनी मोटारसायकल घेताना आधी मागच्या बाजूला वाकून बघावं. दुधाचे कॅन अडकवायचे अँगल कधी वेल्ड केले होते का? काढले तरी फ्रेमवर वेल्डिंगचा डाग राहतो. ज्या गाडीने वर्षानुवर्षं पहाटे चाळीस-चाळीस लिटरचे कॅन वाहिले, तिचे मागचे शॉकअप, स्विंग आर्मचे बुश आणि मागच्या चाकाचे आरे गेलेले असणार. फ्रेमसुद्धा एखादवेळी सरळ नसते. मास्तरांची गाडी शाळा ते घर एवढीच फिरली असेल तर सोन्याहून पिवळं.

आरएक्सबद्दल माझं मत वेगळं आहे आणि आरएक्सवेडा यांनी राग मानू नये. पहिली गाडी म्हणून टू-स्ट्रोक नको. पोरीला घाट उतरायचाय. टू-स्ट्रोकला रेस सोडली की इंजिन फारसं रोखून धरत नाही, सगळा भार ड्रम ब्रेकवर. दुसरं, आरएक्सचं टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने जातं. तो पंप जुना झाला की लोक तो बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल कालवतात. माप चुकलं की पिस्टन जाम. आधीच्या मालकाने काय केलंय हे नवशिक्याला बघून कळत नाही.

स्प्लेंडर १९९४ ला आली, तिच्यातलं ९७.२ सीसीचं इंजिन १९८५ च्या सीडी १०० मधलं, आणि जवळपास तेच आजच्या स्प्लेंडर प्लसमध्ये आहे. मधल्या काळात होंडा वेगळी झाली, कंपनीचं नाव बदललं, इंजिन राहिलं. म्हणून नट हवा असो की पिस्टन, गावातल्या दुकानात मिळतो. ज्याला शिकायचंय त्याला ही गाडी.

आरएक्सवेडा

राग कसला काका. पण घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवली की आरएक्स पण ऐकते, एवढं नोंदवून ठेवतो. आणि मजा? मजेचं काय? स्प्लेंडरवर बसून कोणाचं रक्त सळसळलंय?

अश्विनी_ठाणे

अहो, तिला कामावर जायचंय, शर्यतीला नाही. केतकी, तुझं लायसन्स कोणतं आहे ते बघ. स्कूटरवर टेस्ट दिली असेल तर ते विनागिअरचं असतं. गिअरच्या गाडीसाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागते, आधी शिकाऊ, मग टेस्ट. विमा कंपन्या नेमकं हेच कारण काढून हात वर करतात. हेल्मेट आयएसआयचं, आणि ते नवंच घे.

म्हापशेकर

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या गोव्यात पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, पिवळ्या मडगार्डच्या याच शंभर सीसीवाल्या गाड्या कित्येक वर्षं दिवसभर पळवत आले. इंजिनाबद्दल त्यांना विचारा, रक्त सळसळण्याबद्दल नको.

केतकी_ओगलेवाडी

मंडळी, गाडी घेतली! मास्तरांचीच. आरटीओतला आकडा दाखवला, तर मास्तर काही न बोलता आत गेले. मला वाटलं रागावले. बाहेर आले ते सर्व्हिसची पुस्तिका, दुसरी चावी आणि मूळ खरेदीची पावती घेऊन. "दंड माझा, गाडी तुझी. वर दोन हजार दे म्हणजे फुकट दिली असं होणार नाही." पतसंस्थेत पण स्वतः आले, तिथला मॅनेजर त्यांचाच विद्यार्थी निघाला. फॉर्म ३५ अर्ध्या तासात.

आता ती ढकलत घरी आणलीय. किक खाली जाते, पण कशीतरी कोरडी वाटते. लगेच चालू करून बघू का? पासिंगला गाडी न्यायची आहे.

नटबोल्ट

अजिबात नको. थांब. किक मारायची घाई हेच उभ्या राहिलेल्या गाडीचं मरण.

आधी टाकीतलं जुनं पेट्रोल बाटलीत काढ. रंग चहासारखा आणि वास व्हार्निशसारखा येत असेल तर ते गेलं. झाकणातून टॉर्च मारून आत गंज बघ. मग प्लग काढ, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर तसंच ठेव. सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा ओल्या होऊ देत. सकाळी प्लग न लावता हाताने किक हळूहळू दाब, अडकत नाही ना ते बघ. मग दहा-वीस वेळा पायाने. भोकातून ऑइल उडेल, समोर तोंड नेऊ नकोस.

इंजिनमधलं जुनं ऑइल सोडून दे. आणि इथे एक काम आहे जे निम्मे गॅरेजवाले करत नाहीत. या इंजिनात कारसारखा बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या आत एक गोल वाटी क्रँकबरोबर गरगर फिरते, तिच्यात घाण कडेला फेकली जाऊन साचते. वीस वर्षांच्या गाडीत ती वाटी काळ्या मलमाने भरलेली असते. कव्हर उघडून ती रॉकेलने धू, शेजारची जाळी पण धू, नवं गॅस्केट टाक. ते मलम साठून राहिलं तर पुढे कॅमला ऑइल कमी पडतं आणि मग लोक म्हणतात हेड वाजतंय.

बॅटरी मेली असेल तर काळजी नको. या गाडीची ठिणगी मॅग्नेटवरून येते, बॅटरीशिवाय चालू होते. हॉर्न आणि इंडिकेटरला मात्र बॅटरी हवी, आणि पासिंगला ते दोन्ही बघतात.

केतकी_ओगलेवाडी

काका, सगळं केलं. त्या वाटीतून खरंच बोटभर काळं मलम निघालं! हात दोन दिवस धुतेय. गाडी चोक ओढून सातव्या-आठव्या किकला चालू झाली, घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पण चोक सोडला की बंद पडते. रेस धरून ठेवली तरच चालते. सायलेन्सरमधून सुरुवातीला निळसर धूर आला, मग थांबला. गल्लीतला मिस्त्री लांबूनच ऐकून म्हणाला, "हाफ इंजिन काढावं लागेल, साडेसहा हजार."

पेठेतला_पक्या

लांबून ऐकून साडेसहा. जवळ आला असता तर फुल इंजिन निघालं असतं.

नटबोल्ट

पैसे खिशात ठेव. चोकवर चालते, सोडला की मरते, म्हणजे कार्बमधला (कार्बुरेटर) पायलट जेट, मंद चालताना पेट्रोल सोडणारं बारीक तोंड, तुंबलाय. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, आणि जेटचं भोक केसाएवढं. कार्ब उतरव, खालची वाटी काढ, दोन्ही जेट सोडव, कार्ब क्लीनर मार, आणि भोक उजेडाकडे धरून पलीकडचं दिसतंय का बघ. क्लच केबलची तार घालून कोरत बसू नकोस. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. फवारा, हवा, पुन्हा फवारा. एअर स्क्रू काढायच्या आधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेव.

रबराच्या नळ्या आणि वाटीचं ओरिंग नवंच टाक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २००३ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ होतं. गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत चालू दे.

आता धूर. चालू करताना भसकन आला आणि थांबला तर वॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत. त्यात मी घातलेलं चमचाभर ऑइल पण जळलं असेल. दोनशे-तीनशे किलोमीटर चालव आणि बघ. रेस देताना सतत निळा धूर येत राहिला आणि ऑइल कमी होत गेलं, तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची पोकळी, झिजलीय. तेव्हा ब्लॉक उतरवायचा, आज नाही.

आरएक्सवेडा

आणि उतरवायचाच झाला तर ब्लॉक घेऊन कोल्हापूरला ये, उद्यमनगरात माप घेऊन बोअर मारून देतात. तिथला लेथवाला पाव मिलिमीटर डोळ्याने सांगतो. गाडी कोणतीही असो, बोअर नीट मारला पाहिजे. स्प्लेंडरचा पण.

केतकी_ओगलेवाडी

पायलट जेटच होता! दीडशे रुपयांचा कार्ब क्लीनर आणि एक रविवार. आता चुटकीसरशी चालू होते, चोक सोडला तरी टुकटुक चालत राहते. वडील दहा मिनिटं नुसते ऐकत उभे होते.

पुढचा विचार रंगाचा आहे. टाकीवरचं स्टिकर उडालंय, मागच्या मडगार्डला गंज आहे. मरून रंग मनात आहे. मूळ काळी आहे.

अश्विनी_ठाणे

रंग सगळ्यात शेवटी. आधी थांबणारी गाडी कर, मग दिसणारी.

कागदोपत्री

आणि काळ्याची मरून केलीस तर आरसीवर रंग बदलून घ्यावा लागेल. पासिंगच्या तोंडावर हे लचांड नको. काळीच ठेव.

नटबोल्ट

टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात ते वाच. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसो, एवढं जुनं रबर दगड झालेलं असतं. पावसात कुंभार्लीच्या वळणावर ते कळून उपयोग नाही. दोन्ही चाकांना २.७५-१८ लागतं, ट्यूबसकट नवे घे. इथे काटकसर करायची नाही.

ब्रेकचे ड्रम उघड. लायनर काचेसारखे चकाकत असतील तर जाड दिसले तरी बदल. आतली धूळ तोंडाने फुंकू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस. लायनर ज्या कॅमवर उघडतात तो कॅम बाहेर काढ, गंज घास आणि अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लाव, जास्त लावलंस तर वितळून लायनरवर जाईल. निम्म्या जुन्या गाड्यांचा ब्रेक 'लागत नाही' तो या सुकलेल्या कॅममुळे. ब्रेक दाबल्यावर चाकावरचा दांडा आणि रॉड यांच्यात साधारण काटकोन व्हायला हवा, तिथे जोर पुरा पोचतो.

मग गाडी मधल्या स्टँडवर घे, पुढचं चाक अधांतरी कर आणि हँडल एका बोटाने डावी-उजवीकडे फिरव. अगदी मधोमध खट्‌कन अडकल्यासारखं होतंय का? होत असेल तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेला. गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले असतात, गाडी सरळ जाताना आपोआप डुलते.

चेनच्या मध्यावर बोटाने उचलून बघ, वीस ते तीस मिलिमीटर खेळ हवा. स्पॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकदमच बदल, नुसती चेन टाकून पैसे वाया.

केतकी_ओगलेवाडी

टायरवर ०९१४ आहे. कोनसेट खट्‌ करतो. चेन चालेल म्हणतात, दात सरळ आहेत. पार्ट कराडातच घेऊ का? पुण्याला नाना पेठेत स्वस्त मिळतात असं ऐकलं.

पेठेतला_पक्या

नाना पेठेत सगळं मिळतं, खरं आणि खोटं दोन्ही. पाकीट हुबेहूब असतं. ब्रेक लायनर, केबल, बेअरिंग आणि क्लच प्लेट कंपनीच्या काउंटरवरूनच घे, तुझ्या गाडीचे पार्ट तसेही महाग नाहीत. आरसे, फूटरेस्टचं रबर, साइड पॅनेल यासाठी पेठ. जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरायला ये, पण तिथून ब्रेकचा कुठलाही पार्ट उचलायचा नाही.

केतकी_ओगलेवाडी

सांगायचं राहिलं होतं : पासिंग झालं! गाडी टेम्पोतून नेली, कारण कागदोपत्री दादांनी नूतनीकरणाआधी रस्त्यावर चालवू नकोस म्हणून फोनवर दम दिला होता. थर्ड पार्टी विमा आधीच काढला, १५० सीसीपर्यंतचा वर्षाचा ७१४ आणि कर. निरीक्षकांनी हॉर्न वाजवला, इंडिकेटर बघितले, दोन्ही ब्रेक दाबले, चेसी नंबरची पेन्सिलने छाप घेतली. हेडलाइट मंद आहे म्हणाले, पण रेस दिल्यावर प्रखर झाला तेव्हा हसले. "स्प्लेंडर ना? असंच असतं."

खर्चाचा हिशोब पण लिहिते. टायर-ट्यूब आणि बसवणं साडेतीन हजारांच्या आत. लायनर, कोनसेट, तिन्ही केबल, बॅटरी, प्लग, एअर फिल्टर, ऑइल, गॅस्केट मिळून तेवढेच. कोनसेट मात्र गॅरेजमध्ये बसवला, वाट्या ठोकायचं काम माझ्याच्याने झालं नाही. मिस्त्रीने शंभर रुपये जास्त घेतले आणि मला शेजारी उभं राहून बघू दिलं, त्यामुळे तक्रार नाही. म्हणजे आरएक्सच्या सांगितलेल्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात गाडी रस्त्यावर आली, मास्तरांनी भरलेला दंड सोडून.

आरएक्सवेडा

अभिनंदन ताई. अवांतर : त्या दुकानातली आरएक्स आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकली. मानेवरचा नंबर झूम करून बघितला. मधले दोन आकडे बाकीच्यांपेक्षा लहान आहेत. पुढे काही लिहीत नाही.

कागदोपत्री

त्या ग्रुपवर कोणी घेणार असेल तर त्याला आधी नंबर परिवहनवर टाकायला सांगा. आणि केतकी, अजून नावावर झालेली नाही हे विसरू नकोस. फॉर्म २९, ३०.

केतकी_ओगलेवाडी

अर्ज टाकलाय, पावती आलीय. मास्तरांच्या सह्या पण झाल्या, फॉर्म २९ च्या दोन्ही प्रतींवर.

आता एक नवीनच. पन्नासच्या वर गेले की पायाखाली झिणझिण होते, उजव्या फूटरेस्टला जास्त. पन्नासच्या आत काही नाही. स्पीडोमीटरचा काटा पण त्याच वेळी थरथरतो. दोन्हीचा संबंध आहे का?

नटबोल्ट

काट्याची केबल वेगळी, ती कोरडी पडलीय. वरून सोडव, आतली तार ओढून काढ, पातळ ग्रीस लावून परत घाल. झिणझिणीसाठी इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट बघ. गाडी थंड असताना १४ चा पाना लावून बघ, एखादा अर्धा फेरा फिरेल. फिरला नाही तर फूटरेस्टची पट्टी जिथे इंजिनखाली बसते तिथले चार बोल्ट. तिथला एक बोल्ट नेहमी पडलेला असतो.

केतकी_ओगलेवाडी

चारात तीनच आहेत.